भरतीच्या घाईत बोटीवर चढणारा खोटा माल

नारळी पौर्णिमा झाली, पाऊस ओसरला, की गेटवेसमोर, मांडव्याला आणि पणजीच्या मांडवी नदीत सहलीच्या बोटींची लगबग सुरू होते. चार महिने झाकून ठेवलेल्या बोटींना एकदमच डिझेल, पाणी, गॅस, लाइफ जॅकेट, कांदे-बटाटे असं सगळं हवं असतं. फसवणारे याच दिवसांत सर्वांत जास्त कमावतात.

या हंगामात मुंबईहून गोव्याला निघालेल्या एका ३६ फुटी शिडाच्या बोटीवर जे घडलं ते इथे तपशिलाने देत आहोत. माणसं सहा, प्रवास पाच दिवसांचा, अंतर सुमारे २३० सागरी मैल, मुक्काम मुरुड, जयगड, विजयदुर्ग आणि मालवण. सगळं सामान एकाच पुरवठादाराकडून ‘संपूर्ण सफर पॅकेज’ म्हणून घेतलं गेलं. दीड लाख रुपये, त्यातले ७० टक्के आगाऊ. पहिल्याच दिवशी इंजिन बंद पडलं. जयगडला सगळा माल धक्क्यावर उतरवून एकेक वस्तू मोजली, तोलली, उघडली, तेव्हा कुठे कुठे हात मारला आहे ते दिसलं.

पुरवठादाराचं खरं हत्यार म्हणजे वेळ. बोटी धक्क्याला लागलेल्या नसतात, आत पाण्यात बोयाला, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या खुणेला, बांधलेल्या असतात. माल डिंगीने, म्हणजे छोट्या होडीने, न्यावा लागतो. धक्क्यावर माल देणारा असतो आणि घेणारा बोटीवर, म्हणजे सोपवताना दोघं समोरासमोर नसतातच. त्यात भरतीची वेळ ठरलेली. सकाळी साडेसहाला निघायचं ठरलं असेल तर माल सव्वासहाला येतो, ‘ट्रॅफिक होता’ म्हणून. ओहोटी लागायच्या आत निघायचं असतं, त्यामुळे कोणी खोकी उघडत नाही. खोकं उघडतं ते समुद्रात, दहा-बारा तासांनी. तिथून परत येऊन भांडायला कोणी येणार नाही हे देणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

सुरुवात डिझेलपासून. मागणी १६० लिटरची होती, २० लिटरचे आठ कॅन आले. कॅन जुने, आणि गरम करून तळ आत दाबलेले. वरून पाहिलं तर डिझेल गळ्यापर्यंत दिसतं, प्रत्यक्षात कॅनमागे १८ लिटरच. म्हणजे १६ लिटर कमी. ताशी अडीच लिटर जाळणाऱ्या इंजिनाला हे सहा तासांचं इंधन झालं, पाच नॉटच्या (ताशी पाच सागरी मैलांच्या) वेगाने तीस सागरी मैलांचं. मुंबईहून निघालेली बोट तेवढ्यात मुरुड-जंजिऱ्याच्या जवळ पोचते. वारा पडला आणि किनारा खडकाळ असला, तर हे तीस मैल म्हणजे जीव वाचण्या-न वाचण्यातला फरक असतो.

हे पकडायला ताणकाटा पुरतो. आधी रिकामा कॅन तोलून वजन त्याच्यावरच खडूने लिहा, मग भरलेला तोला. २० लिटर डिझेल साधारण साडेसोळा किलो भरतं, १८ लिटर पंधरा किलोच्या आत. दीड किलोचा फरक साध्या काट्यावरही लपत नाही. त्याहून बरं म्हणजे स्वतःचे कॅन घेऊन पंपावर जाणं. प्रत्येक पंपावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवलेलं असतं. ते मागून समोर भरून घेणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. त्या दिवशीची घनताही पंपावर लिहिलेली असते.

माप कमी असण्यापेक्षा वाईट होतं ते कॅनमधलं पाणी. आठपैकी तीन कॅनच्या तळाशी पाणी निघालं. डिझेल हलकं असल्यामुळे पाणी खाली बसतं, आणि कॅन सरळ उभा असला तर ते कळत नाही. बोट हलायला लागली की टाकीच्या तळाचं पाणी आणि गाळ ढवळून फिल्टरमध्ये येतो. म्हणून इंजिन शांत पाण्यात नीट चालतं आणि लाटांत, नेमकं गरजेच्या वेळी, धाप टाकतं. पाणी बरेच दिवस राहिलं तर डिझेल आणि पाण्याच्या मधल्या थरात जिवाणू वाढतात, काळा चिकट थर तयार होतो आणि फिल्टर तासाभरात तुंबतो. केरोसीनची भेसळ वेगळी. तिने इंजिन लगेच थांबत नाही, पण केरोसीनमध्ये वंगण कमी असल्याने इंजेक्शन पंप घासत जातो.

तपासायचं कसं? कॅन वीस मिनिटं हलवू नका. मग पारदर्शक नळी तळापर्यंत घाला, वरचं तोंड अंगठ्याने दाबा आणि बाहेर काढा. तळाचा नमुना काचेच्या बाटलीत ओता. पाणी असेल तर खाली वेगळी रेघ दिसते. पाण्याचं अस्तित्व दाखवणारी पेस्ट मिळते, ती काठीच्या टोकाला लावून तळाला टेकवली की पाणी लागलेल्या भागाचा रंग बदलतो. काचेची वाटी असलेला पाणी वेगळा करणारा फिल्टर आणि त्याची तीन सुटी एलिमेंट (आतला गाळणारा, बदलायचा भाग) हा खर्च कधीच टाळू नये. या बोटीवर एकच सुटं एलिमेंट होतं, तेही बिलात ‘मूळ कंपनीचं’ आणि हातात मात्र नाव नसलेलं.

आता लाइफ जॅकेट, जिथे फसवणूक सर्वांत निर्दय आहे. सहा नारिंगी जॅकेट आली, दिसायला नवी. एकाची शिवण उसवली तर आत पॅकिंगचा फोम आणि थर्माकोलचे तुकडे निघाले. हा फोम पाणी पितो. पहिली दहा मिनिटं माणूस तरंगतो, मग जॅकेटच त्याला जड होतं. दुसरी फसवणूक कायद्याने पकडायला अवघड: जॅकेट खरं असतं, दर्जा चुकीचा असतो. तरंगण्याची ताकद न्यूटनमध्ये मोजतात. ५० न्यूटनचं जॅकेट हे पोहता येणाऱ्यासाठी, किनाऱ्याजवळच्या खेळासाठी. बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर ठेवायचं काम त्याचं नाही. खुल्या समुद्रासाठी १५० न्यूटनचं हवं. ५०चं जॅकेट १५०च्या भावाने विकणं हा रोजचा व्यवहार झाला आहे, कारण दोन्ही नारिंगीच असतात. आतला छापील पट्टा वाचा: न्यूटनचा आकडा, कोणत्या वजनाच्या माणसासाठी ते, मानकाचा क्रमांक. पट्टा नसेल तर जॅकेट परत. शिट्टी, चमकणारी पट्टी आणि लहान मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून येणारा पट्टा, हे तिन्ही असलंच पाहिजे.

घरी करता येण्याजोगी एक चाचणी आहे. २०० लिटरचा पाण्याचा पिंप घ्या, जॅकेटला दहा किलोचं लोखंडी वजन बांधा आणि पाण्यात सोडा. लोखंड पाण्यात थोडं हलकं होतं, त्यामुळे १५० न्यूटनच्या जॅकेटने ते आरामात पेललं पाहिजे. ५०चं जॅकेट लगेच बुडतं. तसंच २४ तास ठेवा. चांगल्या समुद्री जॅकेटची तरंगण्याची ताकद एवढ्या वेळात ५ टक्क्यांपेक्षा जास्त कमी होता कामा नये. खोटं जॅकेट दुसऱ्या दिवशी तळाशी सापडतं. म्हणूनच जॅकेट निघायच्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी घ्यायची.

फुगवायच्या जॅकेटमध्ये गॅसची छोटी नळकांडी असते. तिच्यावर वजन कोरलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर ती ठेवा. कोरलेल्या आकड्यापेक्षा कमी भरली, किंवा टोकाच्या चकतीला भोक दिसलं, तर ती वापरलेली आहे आणि पुन्हा रंगवली आहे.

संकटात पेटवायच्या दारूच्या नळ्यांची (फ्लेअरची) गोष्ट वेगळी, कारण त्या पेटवून पाहता येत नाहीत. एक नळी पेटवली की ती संपली, शिवाय कारण नसताना संकटाची खूण देणं हा गुन्हा आहे. फसवणारा याचाच फायदा घेतो. नळ्यांची मुदत साधारण तीन वर्षं असते. मुदत संपलेल्या, मोठ्या जहाजांवरून काढून टाकलेल्या नळ्या थिनरने पुसून त्यांच्यावर नवं लेबल चिकटवतात. या बोटीवरच्या सहापैकी चार नळ्यांवर लेबलाखाली जुनं लेबल होतं. नखाने लेबलाचा कोपरा उचलून बघा. नळीवरचा आणि खोक्यावरचा लॉट क्रमांक जुळतो का ते पहा. तळाच्या पत्र्यावर गंज, फुगलेला पुठ्ठा किंवा झाकणाचं तुटलेलं सील दिसलं तर घेऊ नका. चांगली पॅराशूट रॉकेट नळी ३०० मीटर वर जाऊन ४० सेकंद जळते, हातात धरायची लाल नळी एक मिनिट, नारिंगी धुराची डबी तीन मिनिटं. दमट जुनी नळी हातातच फुटू शकते, आणि तेव्हा समुद्रात दुसरी मदत नसते.

गॅसचे दोन छोटे सिलिंडर होते, पाच-पाच किलोचे. प्रत्येकावर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं, ते एकूण वजनातून वजा करायचं. एकात तीन किलो चारशे ग्रॅम निघाला. वरच्या पट्टीवर अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ती चाचणीची मुदत. मुदत उलटलेला सिलिंडर बोटीवर घेऊच नये. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर बोटीच्या तळाशी, बिल्जमध्ये साचतो आणि एका ठिणगीने बोट उडते. जोडणीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहिल्याशिवाय शेगडी पेटवू नका.

पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे नऊ जार होते. माणशी रोज चार लिटर, सहा माणसं, पाच दिवस म्हणजे १२० लिटर, वर अर्धा साठा राखीव, हिशेब बरोबर होता. पण सात जार साध्या नळाचं पाणी भरून वर प्लास्टिकची पट्टी आवळलेले होते. ती पट्टी बाजारात सुटी मिळते, तिच्यावर विश्वास नको. जारवर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख हवी. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने खारट पाणी कळतं, जंतू कळत नाहीत, हे लक्षात ठेवा.

बर्फाबाबत नियम सोपा आहे. २०१८पासून खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा असावा असं बंधन महाराष्ट्रात आहे. मासळीसाठीचा बर्फ खाण्याच्या पेटीत आला तर परत पाठवा. चुरा घेऊ नका, लादी कापून गोणपाटात गुंडाळून घ्या. चुरा तोलताना त्यातलं पाणीही तुमच्याच पैशाचं असतं आणि दुसऱ्या दिवशी काहीच उरत नाही.

कांदे-बटाट्यांच्या पोत्यात वरचा थर चांगला, खालचा ओला. शीतगृहातून काढलेले बटाटे बोटीच्या दमट उष्णतेत घाम धरतात आणि तीन दिवसांत सडतात. फ्रिजमध्ये ठेवलेल्या अंड्यांचंही तसंच. आडत्याकडून न धुतलेले, मातीसकट बटाटे आणि साध्या खोलीत ठेवलेली अंडी मागा. लाल भोपळा, सुरण, कोकम, सुकट हे प्रकार टिकतात आणि त्यांच्यात फसवायला जागा कमी. डबाबंद मालावर तारखेची शाई बोटाने चोळून पहा. पुसलेल्या जागी पत्रा जास्त चकचकीत दिसतो. फुगलेला डबा उघडूसुद्धा नका.

दोरात अनेक जण फसतात, म्हणून दोन ओळी. नांगराला नायलॉनचा दोर हवा, कारण तो ताण घेतो आणि पाण्यात बुडतो. स्वस्त पॉलिप्रॉपिलीन नायलॉनच्या भावाने देतात. वीतभर तुकडा बादलीत टाका, तरंगला तर तो नायलॉन नव्हे. स्टेनलेसच्या शॅकलला (दोर-साखळी जोडायच्या कडीला) लोहचुंबक लावा. घट्ट चिकटलं तर ते वर मुलामा दिलेलं साधं लोखंड आहे आणि खाऱ्या हवेत काही आठवड्यांत गंजून कमकुवत होतं.

यापुढे पैसे कसे द्यायचे? ‘पॅकेज’ हा शब्द बिलावर येऊ देऊ नका. प्रत्येक वस्तूचं नाव, मेक, संख्या, दर वेगळा हवा. बिलावरचा जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ने आणि गोव्याचा ३०ने सुरू होतो. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून दुकानाचं नाव जुळतं का ते पहा. या प्रकरणात क्रमांक खरा होता, पण दुसऱ्याच राज्यातल्या कपड्याच्या व्यापाऱ्याचा. आगाऊ रक्कम ३० टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका आणि शेवटचे २० टक्के तपासणीनंतरच. माल आदल्या दिवशी दुपारी धक्क्यावर मागवा, भरतीच्या तासाला नाही. आपला एक माणूस यादी आणि काटा घेऊन धक्क्यावर उभा हवा, दुसरा बोटीवर, आणि डिंगीच्या प्रत्येक फेरीत काय गेलं ते दोघांनी लिहायचं.

फसलात तर माल फेकून देऊ नका. कमी मापासाठी वैधमापनशास्त्र विभाग, पाणी आणि खाद्यपदार्थांसाठी अन्न व औषध प्रशासन, बाकी सगळ्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. समुद्रात अडकलात तर आधी बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओचं चॅनेल १६, आणि मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. डिझेलचे नमुने दोन काचेच्या बाटल्यांत घ्या, झाकणावर कागदाची पट्टी चिकटवा, त्यावर तारीख, वेळ आणि तांडेलासह (बोटीच्या प्रमुखासह) दोघांच्या सह्या. एक बाटली तक्रारीबरोबर द्या, दुसरी स्वतःकडे उन्हापासून लांब ठेवा. जयगडला नेमकं हेच राहिलं. पाणी गाळून टाकलं, टाकी साफ केली, आणि तक्रार करायची वेळ आली तेव्हा दाखवायला एक थेंबही शिल्लक नव्हता.