व्यावसायिक सादरीकरणांसाठी मुक्ता फॉन्ट : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ठिबक सिंचनाचे साहित्य बनवणाऱ्या एका कंपनीत विक्रेत्यांच्या बैठकांसाठी सादरीकरणे तयार करण्याचे काम माझ्याकडे आहे. समोर बसणारे बहुतेक जण तालुक्याच्या गावी दुकान चालवणारे असल्याने स्लाइड मराठीतच लागतात. बैठक मंगल कार्यालयात भरते, तिथे खिडक्यांतून भरपूर उजेड येतो आणि शेवटची रांग पडद्यापासून पन्नास-साठ फुटांवर असते. गेले आठ महिने मी या कामासाठी केवळ ‘मुक्ता’ हा फॉन्ट वापरत आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने घडवलेला हा युनिकोड फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मिळतो आणि त्याच्या मुक्त परवान्यामुळे व्यावसायिक वापरासाठीही पैसे मोजावे लागत नाहीत.

त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे देवनागरी आणि रोमन अक्षरे एकाच हाताने काढल्यासारखी दिसतात. आमच्या प्रत्येक स्लाइडवर मराठी वाक्यात रोमन लिपीतला मॉडेल क्रमांक आणि किंमत येते. पूर्वी दोन लिपींसाठी दोन फॉन्ट वापरताना आकडे मोठे आणि मराठी मजकूर बारीक दिसत असे, म्हणून प्रत्येक ओळीत आकार हाताने जुळवावा लागे. ते काम आता पूर्णपणे थांबले आहे.

मुक्ताची सात वजने, म्हणजे अक्षरांच्या जाडीचे सात प्रकार आहेत, पण सभागृहात ती सगळी चालत नाहीत. सर्वांत बारीक वजनाची शिरोरेखा उजेडात पुसली जाते, तर सर्वांत जाड वजनात जोडाक्षरे भरून येतात. पहिल्याच तिमाही बैठकीत मी ‘विक्रीतील वृद्धी’ हे शीर्षक एक्स्ट्राबोल्ड या सर्वांत जाड वजनात ठेवले होते. लॅपटॉपवर ते रुबाबदार वाटले, मात्र मागच्या भिंतीपाशी जाऊन पाहिले तेव्हा ‘द्धी’च्या जागी काळा ठिपका दिसत होता. तेव्हापासून शीर्षकाला सेमीबोल्ड, मजकुराला मीडियम आणि 28 पॉइंटपेक्षा लहान अक्षर कुठेही नाही, हा नियम मी पाळतो. आलेखाच्या अक्षावरील तालुक्यांची नावेही त्याला अपवाद नाहीत; ती मावत नसतील तर उभ्या स्तंभांऐवजी आडव्या पट्ट्यांचा आलेख घेतो, म्हणजे नावे तिरकी न करता सरळ लिहिता येतात.

एका गोष्टीची सवय करून घ्यावी लागली. वेलांट्या, रफार आणि उकार एकमेकांत अडकू नयेत म्हणून मुक्ताच्या ओळींमध्ये मुळातच बरेच अंतर ठेवलेले आहे. विंडोजसोबत येणाऱ्या ‘निर्मला यूआय’ या फॉन्टमधली जुनी स्लाइड मुक्तात बदलली की मजकूर चौकटीबाहेर जातो, आणि ऑटोफिट चालू असेल तर पॉवरपॉइंट अक्षरांचा आकार स्वतःहून कमी करते. त्यामुळे ऑटोफिट बंद करून ओळींमधले अंतर 0.85 ठेवावे आणि तरीही मावत नसेल तर मजकूर कापावा, असे मी ठामपणे सांगेन. आमच्या स्लाइडवरील सात-आठ ओळी चारवर आल्या त्या यामुळेच, आणि विक्रेत्यांचे प्रश्न वाढले तेही त्यानंतरच.

तिसऱ्या महिन्यात एका बैठकीत सभागृहातलाच संगणक वापरावा लागला. त्यावर मुक्ता नव्हता, म्हणून सगळ्या स्लाइड दुसऱ्याच फॉन्टमध्ये उघडल्या आणि दरपत्रकाचा तक्ता विस्कटला. आता फाइल जतन करताना पॉवरपॉइंटच्या सेव्ह पर्यायांतून फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत करतो आणि सोबत पीडीएफ प्रतही ठेवतो. तसे केल्यापासून ही अडचण पुन्हा आलेली नाही.

गेल्या महिन्यात गुजरातमधील विक्रेत्यांसाठी हेच सादरीकरण करायचे होते. त्याच कुटुंबातला ‘मुक्ता वाणी’ हा गुजराती फॉन्ट वापरल्याने मांडणी जवळपास तशीच ठेवता आली आणि दोन दिवसांचे काम एका दुपारी संपले. तमिळसाठी याच कुटुंबात ‘मुक्ता मलर’ आहे. दक्षिणेतील बैठकांसाठी आता तो वापरून पाहणार आहे.