बाडर अ‍ॅस्ट्रोसोलर फिल्म: दीड वर्ष वापरल्यावर

मी सांगलीत गणित शिकवते. गच्चीवर सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे, तिच्यातून सूर्य बघता यावा म्हणून 2024 च्या एप्रिलमध्ये ही गाळणी-फिल्म मागवली. ए-फोर आकाराचा चकचकीत कागद, घनता 5, म्हणजे लाखातला एक भाग उजेड आत येतो. कुरिअरवाल्याने पाकीट दुमडून दारात टाकलं होतं. पैसे पाण्यात गेले असंच वाटलं. पण हिला सुरकुत्यांचं वावडं नाही. उलट ताणून बसवली की चित्र बिघडतं. पुठ्ठा, दुहेरी टेप, एक दुपार, आणि झाकण तयार. उरलेल्या पट्टीत द्विनेत्रीचीही दोन झाकणं झाली.

पहिल्याच दिवशी फाइंडर, म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, झाकायला विसरले आणि खांद्यावर चटका बसला. आता तो काढूनच ठेवते. नळीची सावली सगळ्यात आखूड झाली की सूर्य सापडतो.

आणि नशीब बघा, महिन्याभरातच सूर्यावर 3664 क्रमांकाचा डागसमूह आला. त्यानेच पृथ्वीवर 10-11 मेचं चुंबकीय वादळ उठवलं, लडाखच्या हानलेतून ध्रुवीय प्रकाशाची लाली टिपली गेली. आई डोळा लावून म्हणाली, "अगं, याला तीळ आहेत की!" डागाचा काळा गाभा, भोवतीची करडी झालर, सगळं स्वच्छ. मला मात्र कडेजवळचे फिकट पांढरे ओरखडे जास्त आवडतात. हे उजळ पट्टे, म्हणजे फॅक्युली, डागांवर मात करतात, म्हणून डाग वाढले की सूर्य किंचित उजळतोच, साधारण 0.1 टक्का. वैतरणी तारकासमूहातला एप्सिलॉन एरिडानी हा तारा वयाने लहान आणि तापट. अशा ताऱ्यांत डागांचीच सरशी होते, चुंबकीय जोर वाढला की तारा मंदावतो. वर्गात हे सांगताना गच्चीवरचे ते ओरखडे दाखवता येतात, यातच माझे पैसे वसूल.

अर्थात ताऱ्यावर असलं काही दिसत नाही, तो ठिपकाच. खगोलशास्त्रज्ञ ऑलिन विल्सनने 1966 पासून माउंट विल्सन वेधशाळेत ताऱ्यांच्या वर्णपटातल्या कॅल्शियमच्या एच आणि के रेषा मोजल्या (चुंबकीय जोर वाढला की या उजळतात), तेव्हा कुठे ताऱ्यांच्या चुंबकीय जोराच्या चढ-उताराची चक्रं कळली: 61 सिग्नी ए या ताऱ्याचं सुमारे सात वर्षांचं, आपल्या सूर्याचं अकरा. टाऊ सेटी हा तारा तर जवळजवळ ढिम्म. कॅल्शियमचा उजेड या फिल्मला वेगळा काढता येत नाही, त्यासाठी निराळा आणि महागडा फिल्टर लागतो. नारंगी सूर्य हवा असेल तरी घेऊ नका, इथे तो थंड पांढरा दिसतो.

पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी घालून डब्यात ठेवते. दर वेळी बल्बसमोर धरून भोक पडलंय का बघते. अजून एकही नाही.

घ्यायची तर आत्ताच घ्या. ऑक्टोबर 2024 मध्ये सूर्याच्या चक्राचा माथा येऊन गेला. चार-पाच वर्षांनी सूर्यही कित्येक दिवस टाऊ सेटीसारखा कोरा बसेल, आणि तेव्हा मला नावं ठेवाल.