घरी शिकणाऱ्या मुलांना मार्क द्यायचे का, आणि दिले तर कधीपासून

पोरांना घरीच शिकवायचं एकदा ठरलं की सहा महिन्यांत हा प्रश्न दारात येऊन उभा राहतोच. आम्ही बेळगावात शहापूरला राहतो, थोरली आता पंधराची आहे आणि धाकटा दहाचा. थोरलीला मी पहिल्या महिन्यापासून मार्क दिले, साडेतीन वर्षं दिले आणि मग बंद केले. धाकट्याला आजपर्यंत मी एकही मार्क दिलेला नाही. म्हणजे दोन्ही एकाच घरात करून झालंय, म्हणून लिहितोय. होमस्कूलिंग का, पुस्तकं कुठली, दिवसाचं टाइमटेबल कसं, हे इथं घेत नाही, ठरवायला बसलेल्यांना ते माहीत असणारच.

आधी मार्कांच्या बाजूनं बोलतो, कारण त्या बाजूला खरंच दम आहे. आमच्या गल्लीतली सगळी पोरं शाळेत जातात आणि कर्नाटकातल्या शाळांत वर्षाला चार एफए (छोट्या चाचण्या) आणि दोन एसए (सत्राच्या मोठ्या परीक्षा) असतात, त्यामुळं संध्याकाळी खेळायला जमले की "एफए वनला किती पडले?" हे सुरू होतं. तिथं आपलं पोर गप्प उभं राहिलं की आपल्याला घरात बसून वाईट वाटतं. निपाणीहून आई आली की पहिला प्रश्न तोच, "किती पडले गं बाई?" मार्क असले की पोरीला उत्तर देता येतं आणि आजी खूश होते. दुसरं म्हणजे आईबापाला शिस्त लागते. दर शनिवारी २५ मार्कांचा पेपर घ्यायचा म्हटलं की आठवड्याचं काम आठवड्यात उरकतं, माझी जीएसटीची कामं घरूनच चालतात आणि महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास माझं डोकं ठिकाणावर नसतं, तरी त्या शनिवारच्या पेपरामुळं पोर्शन कधी मागं पडला नाही. तिसरं, वेळ लावून लिहायची सवय होते. ही तिन्ही खरी कारणं आहेत आणि ज्यांना ती पटतात त्यांना मी चूक म्हणणार नाही.

पण माझं मत ज्या एका गोष्टीनं फिरलं ती म्हणजे अर्ध्या मार्काची घासाघीस.

एक शनिवार नीट आठवतोय. गणित असं होतं, अडीच किलो तांदूळ आहेत, पाऊण पाऊण किलोच्या पुड्या केल्या तर किती पुड्या होतील आणि किती तांदूळ उरतील. दोन मार्कांचं. थोरलीनं भागाकार केला, तीन पूर्णांक एक तृतीयांश आले, म्हणून तिनं लिहिलं तीन पुड्या आणि उरले एक तृतीयांश किलो. उरतात पाव किलो. मी एक मार्क दिला. झालं, तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि सुरू झाली, "पप्पा, पुड्या बरोबर आहेत, भागाकार पण बरोबर आहे, एकच चुकलंय, मग दीड तरी द्या की." मी म्हटलं एकच. ती म्हणाली मागच्या शनिवारी तुम्ही पायरीला अर्धा दिला होता. मग मागचा पेपर काढला, तिथं खरंच दिला होता. बायको बँकेतून येईपर्यंत आम्ही दोघं त्या अर्ध्या मार्कावर बसलो होतो, शेवटी दीड देऊन टाकला आणि पेपर फाइलला लावला. त्या अर्ध्या तासात एक तृतीयांश कशाचा, हा शब्द ना तिनं काढला ना मी. पुढं तीन महिन्यांनी दुसऱ्या गणितात तीच चूक दिसली तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला ते कधी कळलंच नव्हतं आणि फाइलमध्ये मात्र दीड मार्क पडलेला आहे.

आता हेच गणित यंदा धाकट्याच्या वहीत आलं. त्यानंही जशीच्या तशी तीच चूक केली, एक तृतीयांश किलो. मी त्याखाली फक्त लिहिलं, "कशाचा एक तृतीयांश?" तो वही घेऊन स्वयंपाकघरात गेला, तिथला छोटा वजनकाटा ओट्यावर ठेवला, डब्यातले तांदूळ काढून वर्तमानपत्राच्या कागदात तीन पुड्या बांधल्या, उरलेला ढीग काट्यावर टाकला. २५० ग्रॅम. थोडा वेळ काट्याकडं बघत उभा राहिला आणि मग तिथूनच ओरडला, "पुडीचा! पुडीचा आहे पप्पा, किलोचा नाही!" ओट्यावर तांदूळ सांडले होते ते त्यानं स्वतःच भरले. एकाच घरातल्या दोन पोरांवरून नियम काढू नये हे मला कळतं, स्वभावही वेगळे आहेत दोघांचे. तरी माझ्यापुरतं त्या ओट्यापाशी ठरून गेलं.

शिक्षणातल्या संशोधक रूथ बटलर यांचा १९८८ चा एक अभ्यास नंतर वाचनात आला. त्यात काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसते शेरे आणि काहींना दोन्ही, आणि फायदा झाला तो नुसते शेरे मिळालेल्यांना. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांचा शेरा फुकटच गेला. मला हे वाचून नवल वाटलं नाही, कारण थोरलीच्या जुन्या फाइलीत प्रत्येक पेपरावर मी मार्कांच्या शेजारी दोन दोन ओळी लिहिल्यात आणि तिनं त्यातली एकही वाचल्याचं मला आठवत नाही, ती आकडा बघायची आणि पान उलटायची.

घरच्या मार्कांचा दुसरा घोळ असा की शिकवणारा मी, पेपर काढणारा मी, तपासणारा पण मीच. एकदा तिला ताप येऊन गेला होता म्हणून सोपा पेपर काढला, २५ पैकी २३ पडले. पुढच्या आठवड्यात माझं कामावरून डोकं तापलेलं होतं, १४ पडले. ह्या दोन आकड्यांवरून पोरीबद्दल काय कळतं? काहीच नाही. शाळेत निदान चाळीस पोरांना एकच पेपर असतो.

मधला मार्ग म्हणून दोन महिने ग्रेडही देऊन बघितले, ए प्लस, ए, बी वगैरे. घासाघीस तीच राहिली, फक्त अर्ध्या मार्काच्या जागी प्लस आला. सीबीएसईनं पण दहावीला २०१० पासून ग्रेड आणले होते आणि २०१८ ला परत मार्कांवर आले. तेव्हा ज्यांना वाटतं की आकडा काढून अक्षर घातलं की पोरावरचं दडपण जाईल, त्यांनी करून बघायला हरकत नाही, आमच्याकडं गेलं नाही.

आता बिनमार्कांची बाजू, ती पण सरळ नाही. थोरलीचे मार्क बंद केल्यावर जवळजवळ वर्षभर ती कुठलंही काम हातात घेताना "याला किती?" विचारायची. निबंधाला किती, नकाशाला किती, एकदा तर कुंडीतल्या रोपांची उंची मोजून लिहायला सांगितली तर त्याला किती. ती सवय मीच लावली होती, त्यामुळं ती जाईपर्यंत धीर धरणं माझ्याकडं आलं. आणि मार्क नसले की एखादा विषय नकळत मागं पडतो. आमच्याकडं कन्नड पडलं. आम्हा नवराबायकोचं कन्नड बोलण्यापुरतं ठीक, लिहिण्यात कच्चं, त्यामुळं चार महिने वही उघडलीच गेली नव्हती आणि ओढून धरणारं काही नव्हतं. मग शेजारच्या आक्कांना विचारलं, त्या रोज दुपारी अर्धा तास वाचायला घ्यायला लागल्या. त्यांनी कधी मार्क दिले नाहीत, पण एके दिवशी थोरलीला मध्यवर्ती बसस्टँडवर नेऊन म्हणाल्या, मी बोलणार नाही, तू पाटी वाचून खानापूरची बस काढ. दोन बस सोडल्या पोरीनं, तिसरीत बसल्या. परत आल्यावर किती पडले हे तिनं विचारलं नाही.

मार्क नाहीत तर नोंद काय ठेवता, असं लोक विचारतात. आमची पद्धत साधी आहे. शंभर पानी वही, डाव्या पानावर तारीख घालून पोरानं आज काय केलं ते स्वतः लिहायचं, उजव्या पानावर मी एकच ओळ, शक्यतो प्रश्न. महिन्याच्या शेवटी त्यातलं एक जुनं चुकलेलं परत करायला द्यायचं, जमलं तर तिथं बरोबरची खूण. बस. छान, शाब्बास मी लिहीत नाही, तो पण एक मार्कच होतो.

परत शाळेत घालायची वेळ आली तर, ही भीती सगळ्यांना असते, आम्हालाही होती. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, सहा ते चौदा वयासाठी. त्याच्या कलम ४ प्रमाणे शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुसार वर्गात घ्यायचं असतं आणि कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी गाळणी परीक्षा घेता येत नाही. म्हणजे आठवीपर्यंत तुमच्या घरच्या मार्कांना कागदोपत्री काही किंमत नाही, दिले काय न दिले काय. २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी आणि आठवीला परीक्षा घ्यायची मुभा राज्यांना मिळाली, पण ती शाळेतल्या मुलांची गोष्ट. आम्ही एकदा एका शाळेत नुसती चौकशी करायला गेलो तर क्लार्कनं पहिल्यांदा मार्क्स कार्डच मागितलं, नाही म्हटल्यावर तोंड वाकडं केलं. हेडमास्तरबाईंनी मात्र वह्या मागून घेतल्या आणि वीस मिनिटं चाळल्या. माझ्या २५ पैकी २३ वाल्या फाइलीकडं त्यांनी ढुंकून बघितलं नाही.

मग मार्क कधी? माझ्या मते दहावीच्या परीक्षेच्या दीडेक वर्ष आधी, आणि आपण द्यायचे नाहीत.

हे परीक्षा कुठली देणार त्यावर थोडं हलतं. आम्ही एनआयओएस धरलं, म्हणजे शाळेत न जाता दहावी देता येणारं केंद्र सरकारचं मुक्त शाळा बोर्ड. तिथं दहावीला वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय, पासिंग ३३ टक्के, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि एकदा पास झालेला विषय पासच राहतो, मराठी माध्यम पण आहे. शिवाय टीएमए म्हणून घरून लिहून द्यायचं काम असतं, त्याला २० टक्के वजन. ज्यांना इथल्या एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीला, बाहेरून बसवायचंय त्यांचं जरा वेगळं, ती ६२५ मार्कांची, पहिल्या भाषेला १२५, आणि कन्नड आहेच. मराठी घरातल्या पोराला कन्नडमध्ये वेळेत उत्तर लिहायला हात बसायला लागतो, त्यांनी निदान कन्नडचे पेपर बाराव्या वर्षापासून सोडवायला घ्यावेत असं मला वाटतं. कोल्हापूरचे पाहुणे सतरा नंबरचा फॉर्म (महाराष्ट्र बोर्डाला बाहेरून बसायचा) भरा म्हणून मागं लागले होते, त्या वाटेनं आम्ही गेलो नाही म्हणून त्यावर बोलत नाही.

थोरली साडेतेराची झाल्यावर आम्ही एनआयओएसचे जुने पेपर काढले आणि टिळकवाडीतल्या एका निवृत्त मास्तरांना तपासायला विनंती केली. ते आमचे नात्यातले नाहीत, पोरीला आधी बघितलेलंही नव्हतं. सामाजिक विज्ञानाच्या पहिल्या पेपरला १०० पैकी ३८ दिले त्यांनी. मला वाटलं आता रडणार. ती पेपर घेऊन घरी आली, टेबलावर पसरला आणि दुसऱ्या दिवशी परत मास्तरांकडं गेली विचारायला की पाच मार्कांच्या उत्तरात किती मुद्दे पाहिजेत. अर्ध्या मार्काचं नाव काढलं नाही. पुढचा पेपर ५१, त्याच्या पुढचा ५०, मग ६४. धाकट्याचं पण तबल्यात तेच बघितलं, गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक परीक्षेला बसला, बाहेरच्या परीक्षकांनी मार्क दिले आणि त्यानं ते मुकाट्यानं घेतले. घरचा माणूस मार्क देतो तेव्हा पोर माणसाशी भांडतं, बाहेरचा देतो तेव्हा कामाकडं बघतं, असं आमच्याकडं तरी दिसलं.

दोन ठिकाणी मी माझंच म्हणणं बाजूला ठेवीन. वर्षभरात पोराला शाळेत परत घालायचं पक्कं असेल तर शेवटचे चारपाच महिने वेळ लावून पेपर घ्या, नाहीतर वर्गात एफए आला की पोर बावरतं. आणि काही पोरं स्वतःहून मार्क मागतात, खेळ म्हणून, त्यांना अडवू नका, पण उत्तरपत्रिका शेजारी ठेवून त्यांचं त्यांनाच तपासायला लावा.

आईला काय सांगायचं हा प्रश्न आमच्याकडं असा सुटला, आता ती आली की धाकटा वही घेऊन तिच्या शेजारी बसतो आणि डावं पान वाचून दाखवतो. परवा तांदळाच्या पुड्यांचं पान वाचलं तेव्हा तिनं मधेच थांबवून विचारलं, पुड्या बांधायला दोरा कुठला घेतलास. थोरलीचा दहावीचा फॉर्म भरून झालाय. धाकट्याला तेरावं लागायला अजून अवकाश आहे, तरी टिळकवाडीच्या मास्तरांच्या कानावर आत्ताच घालून ठेवलंय.