घरी पदार्थांचे फोटो: खिडकीचा उजेड की एलईडी दिवा?

छतावरचा दिवा बंद करायचा, फोनचा फ्लॅश वापरायचा नाही, उजेड समोरून न घेता बाजूने किंवा मागून घ्यायचा, इथवर तुम्ही आलेले आहात असं धरतो. त्याच्या पुढे बहुतेकजण एकाच प्रश्नावर अडतात: खिडकीवरच भागवावं, की एखादा एलईडी दिवा आणि त्याच्यापुढे धरायला पांढरा पडदा घ्यावा? मी दोन्ही बराच काळ वापरलं आहे. कुठल्याही मीटरने काही मोजलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं डोळ्यांच्या हिशेबाने वाचावं.

खिडकीची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. प्रकाश मऊ की कडक हे तो किती प्रखर आहे यावर ठरत नाही. ताटाच्या जागेवरून तो केवढा दिसतो यावर ठरतं. सूर्य प्रचंड असला तरी आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून थेट उन्हातल्या सावल्या सुरीने कापल्यासारख्या पडतात. तेच ऊन पातळ पांढऱ्या पडद्यातून आलं की पडदाच दिवा होतो, आणि तो चांगला मोठा असतो. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीला तर पडदाही लागत नाही. वर दिवसाच्या उजेडात सगळे रंग भरलेले असतात, त्यामुळे टोमॅटो लालच दिसतो, तपकिरीकडे झुकत नाही.

चकाकणाऱ्या गोष्टींनाही खिडकी मानवते. सुपावर, रश्शाच्या तर्रीवर, काचेच्या ग्लासावर तिचं प्रतिबिंब पडलं तरी ते खुपत नाही. नजरेला त्याची सवय असते. विलेम क्लास हेडा या डच चित्रकाराचं १६३५ सालचं स्थिरचित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे. लिंबू, कालवं, सोनेरी पेला, करड्या रंगांत सगळं मांडलेलं, आणि काचेच्या पेल्यावर खिडकी चमकताना दिसते. बाजूच्या उजेडाचा यापेक्षा चांगला धडा मला तरी माहीत नाही, आणि तो कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीचा आहे.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. भरलेलं टेबल एका चौकटीत घ्यायचं असेल तर खिडकीला तोड नाही. लहान दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की उजेड साधारण चौथाई उरतो. म्हणजे दिव्याजवळचा वाडगा झगझगीत आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाचा पाव अंधारात. मोठी खिडकी थोडी लांबून सगळ्यांना जवळपास सारखा उजेड देते.

इतकं असूनही माझे बहुतेक फोटो आता दिव्यावर निघतात. रात्री ऊन नसतं हे कारण सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यावर सुट्टीच्या दिवशी दुपारी शिजवायचं हा उपायही आहे. माझं बिनसलं ते रंगावरून.

एकच फोटो काढायचा असेल तर हे कधी जाणवणारही नाही. पण कृती टप्प्याटप्प्याने दाखवायची म्हटलं, कापलेला कांदा, मग परतलेला, मग त्यात टोमॅटो, मग शिजलेली भाजी, की खिडकी छळायला लागते. पहिल्या फोटोच्या वेळी बाहेर स्वच्छ निळं आकाश, उजेड थंड, निळसर. मधेच ढग, उजेड करडा आणि सपाट. मग ढग सरकतो, ऊन समोरच्या भिंतीवर पडतं आणि त्या भिंतीचा रंग उचलून आत येतं. समोर झाड असेल तर हिरवी झाक. उजेड कमीजास्त झाला तर फोन तो सांभाळून घेतो, म्हणून काढताना काहीच खटकत नाही. सगळे फोटो शेजारी शेजारी लावले की कळतं: एकाच कढईतला कांदा एका चौकटीत पांढरा, दुसरीत पिवळट, तिसरीत आजारी.

त्यात फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची झाक काढून पांढरं पांढरंच दाखवायची आपोआप चालणारी सोय, आपली भर घालतो. पालक कढईत पडला की चौकटीत हिरवं वाढतं, आणि ते काढून टाकायला फोन सगळंच किंचित गुलाबीकडे ढकलतो. यावर उपाय आहे: प्रो मोडमध्ये (जिथे सगळं हाताने ठरवता येतं) जाऊन व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर कायम करायचा. पण त्याने फोन गप्प बसतो, आकाश बसत नाही. मग प्रत्येक चौकट वेगळी घेऊन रंग जुळवत बसायचं, आणि हे काम इतकं कंटाळवाणं आहे की शेवटी ‘असू दे’ म्हणून तसंच टाकलं जातं. करडं कार्ड, म्हणजे रंग जुळवायला खूण म्हणून धरायचा कसलीही झाक नसलेला करडा पुठ्ठा, प्रत्येक टप्प्याला चौकटीत ठेवून नंतर रंग दुरुस्त करता येतो, हेही खरं. कढईत तेल तापलेलं असताना दर वेळी कार्ड धरायची शिस्त ज्यांना जमते त्यांना माझा नमस्कार.

दिव्यावर हा प्रश्न एकदाच सुटतो. उजेड किती पिवळट की निळसर हे केल्व्हिनमध्ये मोजतात; दिवा ५६०० केल्व्हिनचा असेल तर कॅमेऱ्याच्या व्हाइट बॅलन्सला ५६०० लावायचं. पांढऱ्या ताटलीवर रंग किंचित हलला तर थोडं पुढेमागे करायचं आणि विसरून जायचं. आजचा कांदा आणि पुढच्या आठवड्यातला कांदा एकाच घरचे दिसतात.

अर्थात दिवा बरा असला पाहिजे. खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० किंवा ९५ असं छापलेलं असतं, पण त्या एका आकड्यावर जाऊ नका. तो आकडा आठ फिक्या रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो. गडद लाल हा नववा नमुना, आर-९, त्या सरासरीत धरलेलाच नसतो. आणि पदार्थांमध्ये बिघडतं ते नेमकं लाल: टोमॅटो, मिरची, बीट, स्ट्रॉबेरी, मांस. सीआरआय चांगला आणि आर-९ पडेल अशा दिव्याखाली सुपाचा रंग विटकरी दिसतो, आणि एडिटिंगमध्ये लाल वाढवायला जावं तर शेजारची हाताची बोटं भाजल्यासारखी होतात. म्हणून आर-९चा आकडा वेगळा दिलेला असेल तोच दिवा बघावा, आणि तो ९०च्या वर असला तर निर्धास्त व्हावं. आकडा लपवलेला असेल तर साधारण कारण असतं.

स्वस्त दिव्यांची दुसरी खोड म्हणजे लुकलुकणं. डोळ्यांना दिसत नाही, फोटोत मात्र आडवे पट्टे येतात, व्हिडिओत जास्तच. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं, आणि ६० हर्ट्झला १/६० किंवा १/१२०, तर बहुतेक वेळा भागतं. काही दिवे उजेड कमी केल्यावरच लुकलुकायला लागतात, तेव्हा घेण्याआधी तो मंद करूनही फोनमधून पाहावा.

‘दोन्ही एकत्र वापरू, खिडकी आणि दिवा’ असं पुष्कळांना वाटतं. जपून. दिवा पिवळा आणि खिडकी निळसर असेल तर पावाची एक कड नारिंगी आणि दुसरी निळी होते, आणि दोन्ही एकाच वेळी ठीक करणारा व्हाइट बॅलन्स अस्तित्वात नाही. एकाची निवड करा आणि दुसरा पूर्ण बंद करा. दिव्यावर काम करताना स्वयंपाकघरातला ओट्यावरचा बल्बसुद्धा घालवायचा. तो फार चोरटा असतो.

दिव्याचा खरा तोटा त्याचं लहानपण. उघडा पॅनल सुपासमोर धरला तर त्यातले एलईडीचे दाणे एकेक करून सुपात मोजता येतात. म्हणून मधे पडदा हवाच: पातळ पांढरं कापड, ट्रेसिंग पेपर किंवा सरळ बटर पेपरसुद्धा. एलईडी फारसा तापत नाही म्हणून हे चालतं, हॅलोजनपुढे कागद धरू नये. पडदा दिव्याला चिकटवून उपयोग नाही. दोघांमध्ये वीतभर तरी अंतर ठेवा, म्हणजे उजेड पूर्ण पडद्यावर पसरतो, आणि पडदा ताटाच्या जितका जवळ आणता येईल तितका आणा, चौकटीच्या अगदी कडेपर्यंत. दिवा मागे नेऊन उजेड मऊ होईल हा समज उलटा आहे. लांबून तो लहान दिसतो आणि सावल्या कडक होतात. एवढं करूनही चकचकीत ताटल्यांवर दिव्याचा डाग उठतोच, तेव्हा खरबरीत, मॅट भांडी घ्यावीत. खिडकीपाशी हा जाच कमी.

मांडणीच्या बाबतीत मात्र दिवा माझ्या बाजूने उभा राहतो. ताटाला घड्याळ समजा, तुम्ही सहाच्या आकड्यापाशी. सुपाला, सॉसला, वाफेला उजेड अकरा-बाराकडून हवा. पावाची जाळी किंवा केकचा काप असेल तर नऊकडून. खिडकीपाशी यासाठी टेबल, कापड, चमचे, सगळा संसार फिरवावा लागतो. इथे स्टँड हातभर सरकवला की झालं. वाफ दिसायला मागून उजेड आणि पाठीमागे गडद कापड लागतं, आणि हे दोन्ही रात्री दिव्यावर जितकं सहज जमतं तितकं मला खिडकीत कधी जमलेलं नाही.

शिवाय सगळी तयारी आधी करता येते. रिकाम्या वाडग्यात चुरगळलेला टिश्यू ठेवून उजेड, कोन, कापडाच्या चुण्या ठरवून घ्यायच्या आणि खरा पदार्थ अगदी शेवटी आणायचा. पदार्थ कोणासाठी थांबत नाही: सॉसवर साय धरते, तूप गोठतं, मीठ लागलेली काकडी पाणी सोडते, म्हणून सॅलडला मीठ आणि ड्रेसिंग कॅमेरा तयार झाल्यावरच. हिरव्या भाज्या उकळत्या पाण्यातून काढून लगेच बर्फाच्या पाण्यात घातल्या की रंग टिकतो. सुपातल्या भाज्या तळाला जातात, तर वाडग्यात आधी एक छोटी वाटी पालथी घालायची. वरून कोणाला कळत नाही. हे सगळं खिडकीपाशीही करता येतंच, फक्त वाडगा आणेपर्यंत मघाशी ठरवलेला उजेड जागेवर असेल याची खात्री नसते.

फोनबाहेरच्या, वेगळ्या फ्लॅशचा उल्लेख केवळ कोणी विचारेल म्हणून. ओतलं जाणारं दूध किंवा उडणारं पीठ थिजवायचं असेल तर तोच हवा. एरवी फोटो निघेपर्यंत सावली कुठे पडणार ते नीट दिसत नाही, आणि बहुतेक फोनला तो जोडणंही सोपं नाही.

महिन्याकाठी एखादा फोटो, तोही सावकाश, किंवा भरलेल्या टेबलाचे फोटो काढायचे असतील तर दिव्यावर खर्च करू नका. खिडकी, पातळ पडदा आणि सावलीकडे उजेड परतवायला एक पांढरा पुठ्ठा पुरतो. ज्यांना एकट्या ताटलीचे आणि कृतीचे फोटो नेमाने काढायचे आहेत त्यांनी दिव्याचा विचार करावा असं मला वाटतं. आणि घेतलात तर एकच घ्या. दुसऱ्या दिव्याच्या पैशांत आडव्या दांड्याचा मजबूत स्टँड येत असेल तर तो आधी, कारण उजेड ताटाच्या मागून, थोडा वरून आणायला तोच लागतो. समोरच्या बाजूची सावली फार गडद वाटली तर पांढरा पुठ्ठा, आणि केकचे थर उठावदार हवे असतील तर त्याच जागी काळा.