अ‍ॅट्राझिन की ग्लायफोसेट: जमिनीत कोण किती टिकतं?

मक्यात, उसात अ‍ॅट्राझिन, बांधावर ग्लायफोसेट. दोन्ही तणनाशकंच, पण जमिनीतली चाल अगदी वेगळी.

ग्लायफोसेट मातीत पडताच चिकणमातीच्या कणांना आणि लोहाच्या ऑक्साइडांना घट्ट चिकटतं, त्यामुळे खाली फारसं झिरपत नाही. जिवाणू त्याचं विघटन करतात. त्या विघटनातून उरणारं ‘अ‍ॅम्पा’ हे रसायन मात्र जास्त टिकतं. खरा धोका मातीची धूप होण्याचा. मोठ्या पावसात गाळाबरोबर ग्लायफोसेट ओढ्यात जातं.

मला जास्त काळजी वाटते ती अ‍ॅट्राझिनची. मातीशी त्याची पकड सैल, म्हणून ते पाण्याबरोबर खाली उतरतं. भूजलात सापडल्यामुळेच युरोपीय संघाने २००४ मध्ये त्याला मंजुरी नाकारली. आम्लधर्मी जमिनीत ते लवकर फुटतं. आपल्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी साडेसातच्या वर, तिथे ते रेंगाळतं. अर्धं संपायला साधारण दोन महिने धरा, ओल कमी असेल तर त्याहून जास्त. मक्यामागे हरभरा घ्यायचा असेल तर त्याच वावरातली माती कुंडीत भरून आधी थोडं बी टाकून बघा. रोपांची पानं पिवळी पडून कडेने करपली, तर अ‍ॅट्राझिन अजून शिल्लक आहे असं समजा आणि पेरणी थांबवा.

विहिरीलगतच्या पट्ट्यात मी तरी अ‍ॅट्राझिन मारणार नाही. तिथे खुरपणीची मजुरी दिलेली बरी.