गच्चीवरचा धूळमापक: अकरा महिन्यांचा हिशेब

बत्तीस वर्षं वीज मंडळाच्या मीटर चाचणीत काढली. ‘साहेब, मीटर पळतोय’ म्हणत माणूस तणतणत यायचा. आम्ही त्याचा मीटर टेस्ट बेंचवर चढवायचो, शेजारी स्टँडर्ड मीटर, दोघांतून एकच भार, आणि मगच तोंड उघडायचो. घरगुती मीटरला एखाद्या टक्क्याची चूक माफ असते, त्यापुढे नाही. त्यामुळे गेल्या फेब्रुवारीत सात हजार आठशे रुपयांचं हवा मोजायचं यंत्र घरी आलं आणि खोक्यावर ‘अचूकता 99 टक्के’ असं वाचलं, तेव्हा पहिला प्रश्न तोच पडला: कशाशी ताडून?

कंपनीला मेल केला. उत्तर आलं, ‘फॅक्टरी कॅलिब्रेटेड.’ कुठल्या यंत्राशेजारी ठेवून, किती दिवस, किती दमट हवेत, यातलं काही नाही. असा कागद आमच्या टेबलावर आला असता तर त्याचा उपयोग चहाच्या कपाखाली झाला असता.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर या वयात भांडण नको, आणि नावाने फारसा फरकही पडत नाही. या किमतीच्या बहुतेक डब्यांचा आतला जीव सारखाच: एक चिमुकला पंखा, एक लेझर आणि समोर प्रकाश टिपणारा डोळा. धुळीचा कण लेझरसमोरून गेला की प्रकाश विखुरतो. त्या लकाकीवरून डबी कण मोजते आणि मग वजनाचा अंदाज बांधते. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत नाचणारी धूळ बघून ‘ही इतके ग्रॅम’ म्हणण्यातलाच प्रकार. सरकारी केंद्रांतली यंत्रं वेगळी. ती मिनिटाला 16.7 लिटर हवा ओढतात, धूळ गाळणीच्या फितीवर जमवतात आणि त्या डागातून बीटा किरण किती आरपार जातात त्यावरून वजन काढतात. त्यांची किंमत लाखांच्या घरात. माझ्या डब्याने तेवढं करावं अशी अपेक्षा नव्हतीच, पण निदान तो किती चुकतो हे तरी कळायला हवं.

यंत्र घेतलं ते हिच्यासाठी. हिला दमा आहे आणि पहाटे फिरायची सवय चाळीस वर्षांची. आम्ही पुण्यात धनकवडीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. आधी डबा गॅलरीत तुळशीशेजारी टांगला. आठवडाभर रोज सकाळी साडेसहाला धुळीचा आकडा 200 च्या वर उडी मारायचा आणि वीस मिनिटांत खाली यायचा. मी वहीत लिहून ठेवलं, खालच्या रस्त्यावर संशय घेतला, शाळेच्या बसवर घेतला. आठव्या दिवशी हीच म्हणाली, ‘अहो, ती माझी उदबत्ती आहे.’

मग स्वयंपाकघराच्या बाजूला नेला, तर शेजारच्यांची फोडणी मोजू लागला. शेवटी गच्चीवर, लिफ्टच्या खोलीच्या भिंतीला लावला. वर पत्र्याची छोटी पडवी, चारही बाजूंनी वारा, कुणाचा एक्झॉस्ट नाही, एसीचा बाहेरचा डबा नाही. हे सगळं माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर हवं होतं. तिथे ‘आकर्षक रचना’ होती. गच्चीवर वायफाय पोचेना म्हणून रिपीटर घ्यावा लागला, ते बाराशे रुपये वेगळे.

आता बेंच टेस्ट. माझे साडू पाषाणला पंचवटीत राहतात आणि आयआयटीएम या सरकारी हवामान संशोधन संस्थेचं हवेचं केंद्र त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. शहराच्या हवेचे आकडे देणारी ‘सफर’ ही व्यवस्था याच आयआयटीएमची, पुण्यात 2013 पासून, त्यामुळे त्या आकड्यांवर माझा भरवसा. फेब्रुवारीअखेर डबा पाच दिवस साडूंच्या गॅलरीत ठेवला आणि केंद्राचे तासातासाचे आकडे उतरवून घेतले. पीएम 2.5 म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक धूळ, एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम, तो आकडा. माझा डबा जवळपास दर तासाला सव्वापट ते दीडपट जास्त दाखवत होता. वीज मंडळात असा मीटर भंगारात जातो. पण आलेख काढला आणि मी थांबलो. केंद्राचा आलेख चढला की माझा चढायचा, उतरला की उतरायचा. डबा चुकत होता, पण एकाच दिशेने आणि एकाच मापाने. अशा मीटरला गुणक लावून काम भागवता येतं. मी 0.75 ने गुणायला लागलो आणि स्वतःवर खूश झालो.

ती खुशी जुलैपर्यंत टिकली. पावसाची सर थांबली होती, कात्रजचा डोंगर धुऊन हिरवागार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि डबा म्हणतोय 90. हिने खिडक्या लावून घेतल्या. मला पटेना. उत्तर स्वयंपाकघरातच होतं: पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं ना, तसंच. हवेतल्या बारीक धुळीत सल्फेट-नायट्रेटचे क्षार असतात. दमट हवेत ते पाणी ओढून फुगतात, फुगलेला कण प्रकाश जास्त विखुरतो, आणि लेझरला वाटतं धूळ वाढली. बीटा किरणांच्या यंत्रात हवा आत येताना तापवून हे पाणी उडवलं जातं. माझ्या डब्यात ती सोय नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा साडूंकडे नेला, तर ओल्या दिवसांत माझा आकडा केंद्राच्या दुपटीला भिडत होता. म्हणजे 0.75 गेलं पावसात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशा सेन्सरांसाठी दुरुस्तीचं जे सूत्र काढलं आहे त्यात हवेतली आर्द्रता घातलेली आहे, ती उगीच नाही. पण ते सूत्र तिकडच्या धुळीवर बेतलेलं. इकडे ते जसंच्या तसं लावू नये.

जागतिक हवामान संघटनेने 2018 मध्येच सांगून ठेवलं होतं की हे स्वस्त सेन्सर प्रमाणित यंत्रांची जागा घेऊ शकत नाहीत. जोडीला मात्र चालतात. मुंबईत 2020-21 मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी असेच सेन्सर मंडळाच्या केंद्रांना खेटून ठेवले आणि काही महिने ताडून पाहिले. बेंच टेस्टच झाली की ती. मी एकट्याने साडूंच्या गॅलरीत जे केलं ते शास्त्राला धरून होतं, हे कळल्यावर घरात थोडी पतही वाढली.

सगळ्यात जास्त वैताग दिला तो डब्यासोबतच्या ॲपच्या रंगांनी. पीएम 2.5 चा आकडा 60 असला की ॲप लालभडक होऊन हवेचा निर्देशांक (एक्यूआय) 154 दाखवतं. त्याच वेळी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपच्या पट्टीवर 60 म्हणजे बरोबर 100, आणि शेरा ‘समाधानकारक’. हिचा प्रश्न रास्त होता: ‘नक्की घाबरायचं की नाही?’ कंपनीने गुपचूप अमेरिकेची पट्टी घातली होती, तीही सांगितल्याशिवाय. आपली पट्टी 2015 ची, आणि तिचा आकडा चोवीस तासांच्या सरासरीवर निघतो. त्यातही पीएम 2.5 एकटा नसतो, एकूण आठ प्रदूषकांचा विचार असतो. या क्षणाच्या आकड्याला चोवीस तासांची पट्टी लावणं म्हणजे एका मिनिटाचा भार पाहून महिन्याचं बिल फाडणं. मी ॲपमध्ये रंग बंद केले आणि नुसते मायक्रोग्रॅम ठेवले. भारताची चोवीस तासांची मर्यादा 60, जागतिक आरोग्य संघटनेची 2021 पासूनची 15. हे दोन आकडे फ्रिजवर चिकटवले आहेत. माझं मत विचाराल तर दम्याच्या माणसाने पंधराच्या बाजूने विचार करावा. ‘समाधानकारक’ हा शब्द ज्याची छाती ठणठणीत आहे त्याच्यासाठी.

पीएम 10 चा आकडा दाखवतो त्याकडे बघूही नका. आमचा रस्ता दोन महिने खोदून ठेवला होता, गाड्यांच्या बॉनेटवर पोरं बोटाने नावं लिहीत होती, आणि डब्याचा पीएम 10 पीएम 2.5 पेक्षा जेमतेम पाच-सातने वर. जाडी धूळ या चिमुकल्या पंख्याला नीट ओढवत नाही. तो आकडा बराचसा आतल्या आत जुळवलेला असतो. फॉर्मल्डिहाइड वायूचाही एक आकडा आहे. असू दे.

मग पैसे पाण्यात गेले का? नाही. डिसेंबर-जानेवारीचे आलेख एकावर एक ठेवले आणि एक गोष्ट स्वच्छ दिसली. रात्री अकरापासून आकडा चढत जातो, पहाटे सहा ते आठ सगळ्यात वाईट, आणि दहाच्या सुमाराला अर्ध्यावर येतो. थंडीत रात्री जमिनीजवळची हवा गार आणि जड होते, वर ऊबदार थराचं झाकण बसतं, आणि शेकोटी, पाचोळा, वाहनं यांचा धूर त्याखाली कोंडतो. ऊन तापलं की झाकण उघडतं. आकडा दीडपट चुकला म्हणून वेळ चुकत नाही. आणि नेमक्या त्या पहाटे सहाच्या हवेत ही चाळीस वर्षं ‘शुद्ध हवा घ्यायला’ जात होती! आता साडेनवाला जाते. पहिले आठ दिवस ‘उन्हात कोण फिरतं’ म्हणून कुरकुर झाली. या हिवाळ्यात पंप आधीपेक्षा कमी वेळा काढावा लागला. पण हिचं औषधही ऑक्टोबरमध्ये बदललंय, त्यामुळे श्रेय डब्याला देत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री डबा 999 वर जाऊन अडकला. पाचशेच्या पुढे अशा सेन्सरांचा भरवसा धरू नये. पण ते कळायला मला डबा लागत नाही, नाक पुरे.

देखभालीचं कुणी सांगत नाही. नोव्हेंबरात आकडा तीन दिवस एका जागी 140 च्या आसपास बसला. उघडून पाहिलं तर पंख्याच्या तोंडाशी कोळ्याने जाळं विणलेलं. मऊ ब्रशने काढलं. आता महिन्यातून एकदा बघतो. काही सेन्सरांच्या माहितीपत्रकात लेझरचं आयुष्य 8000 तास लिहिलेलं असतं. चोवीस तास चालवला तर अकरा महिने. माझ्या डब्यातला कुठला आहे हे कंपनीने दुसऱ्या मेललाही सांगितलं नाही, म्हणून हल्ली दर दहा मिनिटांनी एकच मिनिट चालेल असं सेटिंग केलंय.

पाचपैकी तीन. एक तारा खोक्यावरच्या 99 टक्क्यांसाठी कापला, एक त्या अमेरिकन लाल रंगासाठी.

डबा पुढच्या महिन्यात पुन्हा पाषाणला जाणार आहे. मेव्हणीने आधीच बजावलंय, गॅलरीत या वेळी तिच्या कुरडया असतील, तेव्हा भाऊजींनी आपलं यंत्र कठड्याच्या कोपऱ्यात ठेवावं आणि वाळवणावर वाकून आकडे उतरवू नयेत.