‘जस्टिस लीग’ पाहायचाय, पण कोणता? २०१७चा की २०२१चा?

बॅटमॅन, सुपरमॅन, वंडर वूमन अशा सुपरहिरोंच्या ‘जस्टिस लीग’ या चमूची गोष्ट एकच, नट तेच, पण सिनेमे दोन. नोव्हेंबर २०१७मध्ये थिएटरात आलेला ‘जस्टिस लीग’ १२० मिनिटांचा आहे, तर मार्च २०२१मध्ये एचबीओ मॅक्स या ओटीटीवर आलेला ‘झॅक स्नायडर्स जस्टिस लीग’ २४२ मिनिटांचा. मुलीच्या निधनानंतर मे २०१७मध्ये दिग्दर्शक झॅक स्नायडर बाजूला झाले आणि त्यांच्या जागी जॉस व्हेडन यांनी नवे सीन लिहून चित्रीत केले. पुढे स्नायडर यांनी आपल्या मूळ चित्रीकरणातून दुसरा सिनेमा उभा केला. निवड करायची तर शेवटाबद्दल बोलावंच लागेल, तेव्हा कथा आधी कळलेली नको असेल त्यांनी इथेच थांबावं.

या दोन सिनेमांवरचा वाद बहुतेक वेळा ‘हलकाफुलका की गंभीर’ एवढ्यावरच अडकतो. मला तो प्रश्न अपुरा वाटतो. विनोद असला म्हणून सुपरहिरोपट बिघडत नाही. कोणाची ताकद किती आणि ती कुठे संपते, हे सिनेमाने एकदा सांगितलं की विनोदालाही ते पाळावं लागतं. याची दोन्ही उदाहरणं २०१७च्याच आवृत्तीत सापडतात. ॲक्वामॅन नकळत वंडर वूमनच्या सत्य वदवणाऱ्या दोरावर बसतो आणि मनातली भीती, कौतुक, सगळं भडाभडा बोलून टाकतो. हा प्रसंग छान जमलाय, कारण हसू त्या दोराच्या नियमातूनच येतं. शिवाय कोणासमोरही न वाकणारा माणूस क्षणभर उघडा पडतो. याउलट खलनायक स्टेपनवुल्फशी झुंज चालू असताना फ्लॅश वंडर वूमनला वाचवतो आणि तिच्या अंगावरच पडतो. ज्याच्या वेगापुढे जग थबकल्यासारखं दिसतं तो असा धडपडतो, तेव्हा त्याचा वेगही खोटा वाटतो आणि तिचा मानही जातो. बॅटमॅनच्या कोट्यांचं तेच. २०१६च्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’मध्ये संतापाने आतून जळणारा हा माणूस इथे मार खाऊन उठतो आणि शेरे मारतो.

२०२१मध्ये सूर एकच आहे: जड, संथ, शोकाकुल. स्लो मोशन माझ्या मते गरजेपेक्षा बरंच जास्त आहे आणि उपसंहार लांबलाय. पण इथे प्रत्येकाच्या ताकदीला वजन आणि किंमत आहे. अर्धा माणूस, अर्धं यंत्र असलेला सायबॉर्ग हा त्याचा सर्वांत मोठा पुरावा. २०१७मध्ये तो जवळपास मदर बॉक्स (स्टेपनवुल्फला हव्या असलेल्या अफाट शक्तीच्या पेट्या) हाताळणारा तंत्रज्ञ होऊन राहतो आणि त्याचे वडील जिवंत राहतात. २०२१मध्ये मदर बॉक्सचा माग लागावा म्हणून त्याचे वडील मुलाच्या डोळ्यांसमोर जीव देतात. त्यामुळे शेवटी तो त्या पेट्यांच्या आत शिरतो तेव्हा डावावर काय लागलंय हे आपल्याला ठाऊक असतं.

फ्लॅशचंही तसंच. २०१७च्या अंतिम लढाईत तो एका कुटुंबाची गाडी ढकलून त्यांना वाचवतो, तेवढ्यात सुपरमॅन अख्खी इमारत उचलून नेतो. गंमत आहे, पण फ्लॅशचं काम तिथेच क्षुल्लक ठरतं. २०२१मध्ये लीग हरते. सुपरमॅनसकट सगळे संपतात. मग फ्लॅश प्रकाशाचा वेग ओलांडून काळ मागे फिरवतो. ही शक्ती आयत्या वेळी खिशातून काढलेली नाही. मागच्या सिनेमात मेलेल्या सुपरमॅनला जिवंत करताना तिची चुणूक दिसलेली असते. म्हणूनच तो प्रसंग पटतो.

सुपरमॅन मात्र दोन्हीकडे अडचणीचाच. तो परतला की स्टेपनवुल्फ खेळणं होतो. २०२१मध्ये त्याच्या कुऱ्हाडीचा घाव सुपरमॅन खांद्यावर झेलतो आणि त्याला ओरखडाही उठत नाही. पाहायला थरारक आहे, पण मग आधीचे तीन तास बाकीचे कशासाठी झगडत होते, हा प्रश्न उरतोच. स्नायडर यांनी त्यावर अर्धा तोडगा काढलाय: ॲक्वामॅन त्रिशूळ खुपसतो आणि वंडर वूमन शिर उडवते. निदान शेवट तरी सगळ्यांच्या हातून होतो. व्हेडन यांच्याच २०१२च्या ‘द ॲव्हेंजर्स’मध्ये याचं पुरं उत्तर होतं. तिथे कॅप्टन अमेरिका प्रत्येकाला जागा नेमून देतो. बाणवाला हॉकआय छतावरून नजर ठेवतो, थॉर परग्रही सैन्य येतं ते आकाशातलं दार रोखतो. हल्क कितीही बलवान असला तरी तो एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो, एवढी साधी गोष्ट त्या लढाईला तोलून धरते.

२०१७च्या बाजूने एक गोष्ट मनापासून सांगायला हवी. घाबरलेल्या फ्लॅशला बॅटमॅन सांगतो की आधी एकाला वाचव, मग पुढचं कळेल. दोन वाक्यांत नवख्याची भीती आणि जुन्याचा अनुभव दोन्ही येतात. सामान्य माणसांचा जीवही याच आवृत्तीत अधिक दिसतो. स्नायडर यांच्या अंतिम लढाईत वाचवायला आजूबाजूला जवळपास कोणी नाहीच.

लहान मुलं सोबत असतील तर २०१७चाच लावा. २०२१च्या आवृत्तीला अमेरिकेत ‘आर’ (१७ वर्षांखालील मुलांनी मोठ्यांसोबतच पाहावा असं) मानांकन आहे आणि रक्तपात तसाच आहे. नाहीतर माझं मत २०२१ला. चार तास एका बैठकीत नको असतील तर त्याचे सहा भाग पाडलेलेच आहेत. तिसऱ्या भागाच्या शेवटी थांबून उरलेला दुसऱ्या दिवशी पाहिला तरी धागा तुटत नाही.